धाकट्याचे हात

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र तसंच परत पाठवलं नसशील, तर एवढं कर, शेवटपर्यंत वाच. मध्येच उठू नकोस. तुझी खोड मला माहीत आहे. काही अवघड निघालं की तुला एकदम तहान लागते, आणि पाणी प्यायला म्हणून गेलेला माणूस तासाभराने पार दुसऱ्या टोकाला फिरताना सापडतो. पाणी जवळ घेऊनच बस. अकरा वर्षांत मी तुला दोनच पत्रं लिहिली. पहिलं आईची एक बाजू लुळी पडली तेव्हा, दुसरं ती गेली तेव्हा, माणूस धाडून. दोन्ही मिळून दहा ओळी भरल्या नसतील. आज मात्र नवी वही फोडली आहे, बघू किती पानं जातात.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, जवळचं वाचायला चष्मा लागतो, बाकी तक्रार नाही. अजून त्याच दगडाच्या कारखान्यात आहे. तोच फाटकाशेजारचा टेबल, तीच मापं घेणं, तेलखडूने फरशीच्या कडेला नंबर टाकणं. करवतीचं पांढरं चिखलपाणी आताही चपलेच्या तळाला चिकटून घरापर्यंत येतं. पण तू पाहिलंस तर ओळखणार नाहीस. रबरी वाट्यांचं एक यंत्र आलंय, ते फरशीला चिकटतं आणि मांजर पिल्लाला मानेला धरून उचलतं तसं अलगद उचलून नेतं. चालवणारी पोरगी माझ्या खांद्याएवढी. च्युइंगम चघळत दोन बटणं दाबते, आणि चार माणसांचं काम होतं. पहिल्यांदा ते बघितलं त्या दिवशी मी जेवणाचा डबा तसाच परत आणला. हे यंत्र बारा वर्षं आधी आलं असतं, तर तुला कोणी त्या फाटकातून आत घेतलंच नसतं.

तुला घ्या म्हणून मुकादमाच्या मागे लागले होते ती मीच. आठवतं ना? मुकादम म्हणाला, "तुझा भाऊ दणकट आहे हे दिसतंय, पण दगडाला दणकट माणूस नको, सावध माणूस हवा." मी म्हटलं, "सावधपणा माझ्याकडे सोपवा. मी आहे ना तिथे." केवढ्या तोऱ्यात म्हटलं होतं!

आणि तोरा होताच. लहानपणापासून तुझ्या ताकदीवर मी गल्लीभर मिरवले. लोकांना वाटायचं तू आडदांड आहेस, डोक्याने मंद आहेस. तू मंद कधीच नव्हतास. माझी गणितं तूच सोडवून द्यायचास. फक्त आपल्या हातात जोर किती आहे, हे तुला कळायचं नाही. दुसऱ्यांच्या हाताला वस्तू बोलते, पुरे झालं म्हणते. तुझ्या हाताला ते ऐकूच यायचं नाही. नळ बंद करायला गेलास की चावी हातात. बक्षीस घेताना हेडमास्तरांशी हात मिळवलास, तर ते आठवडाभर डाव्या हाताने सह्या करत होते. मामाने हौसेने पंजा लढवायला बसवलं आणि खांदा निखळून घरी गेला. मी कोठीच्या खोलीत अडकले तेव्हा तू दार उघडलं नाहीस, चौकटीसकट काढून भिंतीला टेकवून ठेवलंस, आणि वर मलाच विचारलंस, "आता हे परत कसं लावायचं?"

आईने हात टेकले नाहीत. तिने तुला रोज रात्रीचे काचेचे ग्लास धुवायला लावले. पहिल्या महिन्यात अकरा फुटले. बाबा गेल्यानंतरचे ओढगस्तीचे दिवस, पण ती एका शब्दाने ओरडली नाही. फुटला की नवा आणायची आणि म्हणायची, "हा पण तुझाच." वर्षभराने तू सहाच्या सहा ग्लास न फोडता ताटात मांडलेस आणि आम्हा दोघींकडे असं पाहिलंस, जणू डोंगर उचलून आणलास.

माझी पद्धत वेगळी होती. तू काहीही धरण्याआधी माझ्याकडे बघायचास आणि मी सांगायची, चार आणे, आठ आणे, बारा आणे. दाराची कडी चार आणे. पाण्याची भरलेली बादली आठ आणे. शेजाऱ्यांचं कपाट बारा आणे. सोळा आणे मी कधी म्हटलं नाही. आपल्या दोघांचा तो खेळ होता, पण खेळ खेळ म्हणता त्याची सवय झाली. तू स्वतःच्या हाताला विचारायचं सोडून मला विचारू लागलास. मलाही ते आवडायचं, धाकट्या. एवढा धिप्पाड भाऊ आणि बहिणीच्या एका शब्दावर थांबतो, याची कुणाही बहिणीला नशा चढेल. आता वाटतं, आई तुझे हात तुझ्या ताब्यात देत होती आणि मी ते माझ्या ताब्यात घेत होते.

कारखान्यातही तेच चाललं. नवी माणसं हसायची. गवई हसायचा नाही. त्याचं खरं नाव अजून लिहवत नाही, म्हणून सगळे म्हणायचे तेच म्हणते. पॉलिशच्या यंत्रावर दिवसभर गात बसायचा, आवाज असा की यंत्र बरं वाटावं, आणि तरीही गायचा. एकदा तू त्याला म्हणालास, "गवई, तुझ्यापेक्षा करवत सुरात आहे." तर म्हणाला, "करवतीला मेहुणा व्हायचं नाहीये ना, म्हणून तुला ती आवडते." तू दोन दिवस विचार करत होतास आणि तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन लाल होऊन उभा राहिलास. आमचं ठरलंय हे फक्त तुला ठाऊक होतं. आईला आम्ही वर्षअखेरीस सांगणार होतो. त्याला मागे-पुढे कोणी नव्हतं. मावशीकडे वाढला, मावशीही गेली. तो म्हणायचा, मला एकदम घरच मिळतंय, बायको, सासू आणि वर एक क्रेन.

तो दिवस तुझ्याइतकाच माझ्याही अंगावर कोरलेला आहे. पण तू जे पाहिलंस ते मी पाहिलं नाही, आणि मी जे ऐकलं ते तू कदाचित विसरला असशील, किंवा विसरायचं ठरवलं असशील. म्हणून जसं झालं तसं लिहिते.

जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. मोठ्या लोखंडी घोड्याच्या तिरक्या चौकटीवर दोन्ही बाजूंनी फरश्या टेकवलेल्या असायच्या. सकाळपासून घाईत एकाच बाजूच्या फरश्या उचलल्या गेल्या होत्या आणि भिंतीकडची बाजू जड झाली होती, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मी मापं घ्यायला गेले. माझ्या टेपचं दुसरं टोक धरायला तो नेहमीप्रमाणे यंत्र बंद करून आला आणि घोडा आणि भिंत यांच्या मधल्या बोळात शिरला. मी आकडा वाचत होते. वर पाहिलं तेव्हा सगळा घोडाच कलत होता. आवाज फार मोठा झाला नाही. ओल्या मातीत मोठं पुस्तक पडावं तसा.

दोन फरश्या त्याच्या मांडीवर आल्या होत्या आणि भिंतीला अडून थांबल्या होत्या. बाकीच्या त्यांच्यावर टेकून उभ्या. तो कमरेपासून वर मोकळा होता. शुद्धीत होता. टेप अजून त्याच्या हातात होती. मुकादम धावत आला, खाली वाकून बघितलं आणि ओरडला, "कोणी हात लावायचा नाही! मागच्या शेडमधून चेनपुली आणतो. आधी दगड, मग माणूस." आणि तो दोघांना घेऊन मागे पळाला.

तू बोळाच्या तोंडाशी उभा होतास. मी त्याचं डोकं धरून बसले होते. सुरुवातीला तो चेष्टा करत होता. मग त्याचे ओठ पांढरे झाले, त्याने माझी बाही धरली आणि म्हणाला, "मला इथून काढ. ते वरचे येतील खाली. मला काढ." मी त्याला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मागच्या शेडकडून साखळीचा खणखणाट येत होता, म्हणजे ती येतच होती. तीन मिनिटं लागली असती, फार तर चार. मी तेवढं थांबले नाही. मी तुझ्याकडे बघितलं.

आणि तू म्हणालास, धाकट्या, तू स्पष्ट म्हणालास, "ताई, मुकादम थांबा म्हणालाय."

मी म्हणाले, "माझं ऐक. ओढ त्याला."

तू त्याच्या काखेत हात घातलेस आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलंस. नेहमी पाहायचास तसंच. मी म्हणाले, "सोळा आणे."

पुढचं तुला माहीत आहे. तू डोळे मिटून ओढलंस. त्याचा पाय आत कुठेतरी अडकला होता. दुसऱ्या कुणाच्या हातांना ती अडचण जाणवली असती, त्याने हात सैल केले असते, किंचाळी ऐकून थांबला असता. तुझ्या हातांना अडचण कळत नाही, हे जगात मला एकटीला पक्कं ठाऊक होतं. आणि "बस" म्हणायचं काम माझं होतं. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. तो बाहेर आला, आणि त्याच्यामागून रक्त आलं. तू त्याला दोन्ही हातांवर घेऊन फाटकापर्यंत पळालास, तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर अजून आपण त्याला वाचवलं असंच होतं.

इस्पितळातला डॉक्टर तरुण होता. त्याने तुला आणि मला समोर बसवून सांगितलं, की दगडाखाली होता तोवर रक्त दाबलेलं होतं. आधी मांडी आवळून बांधली असती, दगड उचलला असता, मग काढला असता, तर पाय गेला असता, माणूस राहिला असता. "कुणी ओढलं?" त्याने विचारलं. तू म्हणालास, "मी."

तेच पोलिसांपुढे. तेच न्यायाधीशापुढे. "मुकादम नको म्हणत होता, तरी मी ओढलं. मला कोणी सांगितलं नव्हतं." मी तिसऱ्या बाकावर बसले होते. तू एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस. मला वाटलं, तू वळलास तर मी उठून उभी राहीन. म्हणजे तेवढ्यासाठीही मला तूच हवा होतास. तुला दीड वर्षाची शिक्षा झाली आणि लोक माझ्या पाठीवरून हात फिरवायला आले. बिचारी, म्हणाले, पाठच्या भावानेच हिचा संसार मोडला. आमचं ठरलं होतं ते तोवर सगळ्यांना कळलं होतं. मी मान खाली घालून ती कीव घेतली.

आता याहून वाईट सांगते. हळूहळू मला ते खरंच वाटायला लागलं. तुझ्यावर रागवणं सोपं होतं. तुझे हात डोळ्यांपुढे आणायचे, की माझा आवाज ऐकू येईनासा व्हायचा. तुरुंगात एकदाच भेटायला आले. जाळीपलीकडून तू आईचं विचारलंस आणि मी तुटक उत्तरं दिली. तुला वाटलं असेल, ताईच्या मनात राग आहे. राग नव्हता रे, भीती होती. तू "ताई, तू म्हणाली होतीस ना?" असं विचारशील अशी भीती. तू नाही विचारलंस. सुटल्यावर निरोप धाडलास, की घरी येऊ का. मी तुझे कपडे पिशवीत भरून मुकादमाच्या हाती पाठवले. वरून एक स्वेटर घातला आणि स्वतःला म्हटलं, बघ, किती करते मी त्याच्यासाठी.

आईला मी काहीच सांगितलं नाही. लुळी पडल्यावर तिचं बोलणं जड झालं होतं, एक वाक्य म्हणायला तिला अर्धी दुपार लागायची. ती एकच वाक्य घोकायची. "मी त्याला ग्लास धरायला शिकवलं, माणूस धरायला शिकवायचं राहिलं." मी तिचं तोंड पुसत होते, तिला भरवत होते, कूस बदलत होते, आणि हे ऐकत होते. तीन वर्षं. एका शब्दाने तिला सोडवता आलं असतं. ती तुझ्या नावाचा दोष स्वतःकडे घेऊन गेली आणि मी तो तिला नेऊ दिला. तिला नेताना तू रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालत होतास, सगळ्यांपासून वीस पावलं लांब, हात खिशात घालून. मी पाहिलं होतं. पाहिलं नाही असं दाखवलं.

गेल्या महिन्यात मुकादमाला भेटायला गेले. लेकीकडे असतो, डोळ्यांची शस्त्रक्रिया झालीये, खिडकीत हिरवी पट्टी बांधून बसला होता. त्याला दिसत नव्हतं म्हणून मला बोलायचा धीर आला असावा. मी म्हटलं, "मुकादम, त्या दिवशी ओढ म्हणून मी सांगितलं होतं." तो म्हणाला, "साखळी घेऊन वळलो तेव्हा ऐकलं होतं मी. सोळा आणे म्हणालीस." मी विचारलं, "मग कोर्टात का नाही बोललात?" तर म्हणाला, "तुझा भाऊ इस्पितळातून, पोलिसांच्याही आधी, माझ्याजवळ आला होता. पाया पडला. म्हणाला, तिचं सगळं गेलंय, एवढं तिच्याकडे राहू द्या. मी वाट बघत होतो, तू स्वतः कधी येतेस. अकरा वर्षं लागली बाई तुला." त्याची लेक चहा घेऊन आली. मी तो घेतला नाही. घरी कशी पोचले ते आठवत नाही.

म्हणजे तू विसरला नव्हतास. तुझ्या अंगावर माझं ओझं आहे हे तुला पहिल्या तासापासून ठाऊक होतं आणि तू ते न विचारता उचललंस, कपाट उचलावं तसं. फक्त एक मला तेव्हा कळलं नाही, आणि मुकादमाच्या खिडकीतही कळलं नाही. मला वाटलं होतं, तू माझ्यासाठी खोटं बोललास, म्हणजे आतून तरी तुला खरं माहीत आहे. दोष आपल्या हातांचा नाही, हे तरी तू स्वतःशी धरून असशील.

आठ दिवसांपूर्वी तुझ्या बायकोचं पत्र आलं. तिला मी अजून पाहिलेलं नाही, पण अक्षर सरळ आणि स्वभावही तसाच दिसतो. लिहिते, तुम्हाला भाची झाली, चार महिन्यांची आहे, जावळ दाट आहे. लिहिते, तो दिवसभर वाचनालयात पुस्तकांना नंबर चिकटवतो, घरी येऊन धुणं करतो, रात्र रात्र पाळण्याजवळ बसतो, पण मुलीला अजून एकदाही हात लावलेला नाही. ती रडली की शेजारणीला हाक मारतो. मागे बायको तापाने फणफणली होती तेव्हा पोर उपाशी रडत होती, आणि हा पाळण्याशी हात पाठीमागे बांधून उभा राहून तिच्याबरोबर रडत होता. बायकोने खोदून खोदून विचारलं तर एवढंच म्हणाला, "माझ्या हातांचं काय ते ताईला विचार." म्हणून ती मला विचारते आहे, आणि म्हणून हे सगळं लिहिलं. तिला वेगळं पत्र लिहिलंय, त्यात काही झाकलेलं नाही. पण आधी तू ऐक. त्या दिवशी चुकले ते तुझे हात नव्हते. तू थांबायला तयार होतास. तू स्वतः थांबला असतास, मी थांबू दिलं नाही. तुझी माफी मागायचं माझं तोंड नाही, आणि तू देऊ केलीस तरी ती मला पेलायची नाही. एवढंच मागते, माझ्या पापाची शिक्षा त्या पोरीला देऊ नकोस. चार महिन्यांच्या बाळाला फार काही लागत नाही. एक हात मानेखाली घाल, दुसरा पाठीखाली, आणि ती हलली की तिच्याबरोबर हल. घाबरून खाली ठेवशील, पुन्हा उचल. शनिवारच्या गाडीने मी येते आहे. स्टँडवर घ्यायला येऊ नकोस, पत्ता विचारत येईन. दार मात्र तूच उघड. राग आला असेल, तर ते माझ्या तोंडावर खुशाल लाव, तो तुझा हक्क आहे. पण लावशील तेव्हा तुझ्या दुसऱ्या हातावर ती असू दे.

इतकी वर्षं गप्प राहिलेली, तरी तुझीच,
ताई